निळं पातं, लख्ख नक्षी

'जालना, सोने का पालना' ही म्हण आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. व्यापारउदिमामुळे ती पडली. आज हा पाळणा कशाचा म्हणाल, तर बियाण्यांचा आणि लोखंडाचा. एमआयडीसीच्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार वितळतं, त्याचे बिलेट ओतले जातात आणि बिलेटच्या सळया होतात. ट्रकभर सळई रस्त्यानं जाताना तिच्या अंगावरची निळसर करडी झाक तुम्ही पाहिली असेल. आज मी पोलादाच्या निळ्या रंगाबद्दल बोलणार आहे. मात्र सळईवरच्या त्या झाकेबद्दल नाही, ती जाड खवल्यांची असते. मला सांगायचंय ते चाकूच्या, सुरीच्या, तलवारीच्या पात्यावर मुद्दाम आणल्या जाणाऱ्या मोरपंखी निळ्याबद्दल आणि त्यात काढल्या जाणाऱ्या नक्षीबद्दल.

हा निळा रंग कुणी लावत नाही, तो तापवून उगवतो. स्वच्छ घासलेलं पोलाद हवेत हळूहळू तापवा. साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास ते गवतासारखं पिवळसर होतं. अडीचशेच्या पुढे तपकिरी, पावणेतीनशे ओलांडलं की जांभळं, आणि तीनशेच्या जवळ येताच गडद निळं. आणखी तापवलं तर निळा फिका पडतो आणि शेवटी सगळं करडं होऊन जातं. असं का होतं? तापलेल्या लोखंडाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतका, इतका पातळ की प्रकाश त्यातून आरपार जातो. काही किरण पापुद्र्यावरून परततात, काही खालच्या धातूवरून, आणि दोघांची गाठ पडली की काही रंग एकमेकांना मारतात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर जे रंग तरंगतात, त्यांची गंमत हीच. पापुद्रा जितका जाड, तितका रंग पुढे सरकतो. थोडक्यात, पात्याचा रंग पाहून ते किती तापलं हे कळतं.

ही गोष्ट आपल्या लोहारांना पुस्तक न वाचता माहीत आहे. पेरणीच्या आधी गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडतात, तिथे एकदा निवांत उभे राहा. बाई भाता फिरवते आणि माणूस सांडशीत धरलेली छिन्नी कोळशात लाल करतो. लाल झाली की तो ती अख्खी बुडवत नाही. फक्त टोक, दोन-तीन बोटं, पाण्यात धरतो. चर्रर्र आवाज होतो. लगेच बाहेर काढून टोक विटकरीवर नाहीतर जुन्या कानशीच्या तुकड्यावर दोन-चारदा घासतो, म्हणजे काळी साल निघून पांढरं लोखंड दिसतं. मग तो थांबतो. मागच्या तांबड्या भागातली उष्णता टोकाकडे सरकू लागते आणि तिच्यापुढे रंगांची रांग धावते, पुढे पिवळा, मागे तपकिरी, त्यामागे जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाशी पोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात, या वेळी पूर्ण. क्षणभर उशीर झाला तर टोक मऊ पडतं, घाई झाली तर पहिल्याच घणाला तुकडा उडतो. घड्याळ नाही, तापमापी नाही. बघणारा डोळा आणि कोळशाचा उजेड एवढ्यावर सगळं चालतं. म्हणूनच हे काम भर दुपारच्या उन्हात करायला जाणता लोहार नाखूश असतो, उन्हात पिवळा रंग दिसतच नाही.

आता गंमत बघा. आपल्या सळईच्या कारखान्यात जी टीएमटी प्रक्रिया असते, तिचं तत्त्व या छिन्नीपासून फार दूर नाही. रोलिंग मिलमधून लालभडक सळई बाहेर पडते, पाण्याचे जोरदार फवारे तिची फक्त साल थंड करतात, ती कडक होते. गाभा अजून लालच असतो. मग गाभ्यातली उष्णता बाहेर येते आणि कडक झालेल्या सालीचा ठिसूळपणा घालवते. छिन्नीत उष्णता पाठीकडून टोकाला येते, सळईत पोटातून अंगावर. पालावरचा माणूस आणि मिलमधला इंजिनिअर एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघं एकच काम करतात. हे दोघांनाही कधीतरी समोरासमोर बसवून सांगायला हवं असं मला फार वाटतं.

रंगावरून हत्याराचा स्वभावही ठरतो. चाकूची धार टिकायला हवी, म्हणून ती पिवळ्यावरच थांबवतात. लाकूडकामाची पटाशीही त्याच्याच आसपास. तलवारीला लवचिकपणा लागतो, घाव बसला की वाकून परत सरळ व्हायला हवी, म्हणून ती निळ्यापर्यंत नेली तरी चालते. स्प्रिंगही निळी. जुन्या घड्याळातले निळे काटे आणि निळे स्क्रू आठवा. यातून शोभेच्या निळाईची पहिली अट निघते. चाकूचं अख्खं पातं सरसकट निळं केलं तर ते दिसायला देखणं होईल, पण धार मऊ झालेली असेल. भाजी चिरायच्या वेळी ते कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता या रंगाची शोभा कुणी केली ते पाहू, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या असईला जाऊ. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला होता. लढाईची हकिकत तुम्ही ऐकलेली असते, मी ती सांगत नाही. मला बघायच्या आहेत त्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेच्या तलवारी. साधारण 1790 ते 1815 या काळात निळ्या आणि सोनेरी पात्यांची त्यांच्यात जबरदस्त हौस होती. सैनिकाची तलवार साधी, पांढरी. अधिकारी मात्र स्वतःच्या पैशानं घेणार, त्यामुळे हौसेला मोल नव्हतं. मुठीपासून पात्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, कधी निम्म्याहून जास्त, गडद निळा आणि त्यावर सोन्यात राजाचा मुकुट, त्याची आद्याक्षरं, निशाणं, ढोल, वेलबुट्टी. बर्मिंगहॅमचा टॉमस गिल अशी पाती करायचा. जर्मनीतल्या झोलिंगनची पाती मागवून लंडनमध्ये विकणारा रुंकेल त्याचा तगडा प्रतिस्पर्धी. दोघांमध्ये चांगलीच जुंपलेली असे.

सोनं बसवायची रीत मात्र जीवघेणी होती. सोनं पाऱ्यात विरघळवून तो लेप नक्षीवर द्यायचा आणि तापवायचा. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं राहतं. ती वाफ ज्याच्या छातीत गेली तो कारागीर थरथरत्या हातांनी म्हातारपण काढायचा, तेही लाभलं तर. ही रीत आज कुणी घरी करू नये. एवढं एक सांगून पुढे जातो.

ही निळाई टिकत किती होती? फारशी नाही. लोखंडी म्यानात पातं शंभरदा आत-बाहेर झालं की निळा घासून जातो. संग्रहालयांत अशा तलवारी बघितल्या तर रंग बहुधा मुठीजवळच्या कोपऱ्यात शिल्लक दिसतो. लोखंडी म्यान धारही बोथट करतं. याबद्दलची एक हकिकत आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. कॅप्टन नोलन नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्यानं 1853 मध्ये एक पुस्तक लिहिलं. निजामाच्या घोडेस्वारांच्या तलवारी इतक्या भयंकर कापतात कशा, हे शोधताना त्याला कळलं की त्यातली बरीचशी पाती इंग्रजांच्याच घोडदळानं मोडीत काढलेली होती. स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली, लाकडी म्यानात ठेवली आणि लढाईशिवाय बाहेर काढली नाहीत. जालना तेव्हा त्याच निजामाच्या मुलखात होतं. नोलन पुढच्याच वर्षी क्रिमियात बॅलाक्लावाला मारला गेला.

परक्या पात्याला आपली मूठ बसवणं दख्खनला नवं नव्हतंच. मराठ्यांची फिरंग म्हणजे तेच, लांब सरळ पातं युरोपचं आणि मूठ इथली. नक्षीतही इथले हात कमी नव्हते. कोफ्तगरीचं काम घ्या. पोलादावर बारीक छिन्नीनं आडव्याउभ्या रेघांची जाळी मारतात, तिच्यात सोन्याचांदीची तार ठोकून बसवतात, मग वस्तू तापवून मागचं पोलाद निळं-काळं करतात आणि गुळगुळीत दगडानं घोटतात. काळपट निळ्यात सोन्याची रेघ पेटल्यासारखी दिसते. इथे निळा रंग नक्षी नसतो, नक्षीची पार्श्वभूमी असतो. आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरला, पूर्वीच्या औरंगाबादला, बिदरी काम होतं. तिथला धातू वेगळा, बहुतांश जस्त आणि थोडं तांबं. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या उकळत्या लगद्यात वस्तू बुडवली की जस्ताचा भाग काळाभोर होतो आणि चांदीला काही होत नाही. धातूचं स्वतःचं अंग रंगवायचं आणि चांदी उजळ ठेवायची, हे गणित इथे शतकानुशतकं बसलेलं आहे.

आता नॉर्स नक्षीकडे वळतो, कारण सध्या चाकू करणाऱ्या तरुण मंडळींना तिचं वेड आहे. नॉर्स म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडच्या दर्यावर्दी लोकांची. एकमेकांत गुंतलेले साप, स्वतःची शेपटी चावणारा प्राणी, न तुटणाऱ्या पट्ट्यांच्या गाठी. डेन्मार्कमध्ये मामेन इथे 1868 साली एका थडग्यात कुऱ्हाड सापडली, तिच्या लोखंडात चांदीची तार बसवून असाच गुंतलेला प्राणी काढलाय. ती दहाव्या शतकातली. तार ठोकून बसवायची रीत ऐकून तुम्हाला कोफ्तगरी आठवली असेल, ते बरोबरच आहे. पण त्या लोकांच्या पात्यांवरची नक्षी तापवून आणलेल्या निळ्यातली नव्हती. ती चांदीची होती, नाहीतर पिळलेल्या लोखंडी पट्ट्या एकत्र सांधून पात्याच्या पोटातच उठवलेली. निळ्यात नॉर्स गाठी काढणं ही आजच्या हौशी कारागिरांची आवड आहे, आणि मला त्यात वावगं काही दिसत नाही. फक्त ते प्राचीन म्हणून विकू नये.

त्या नक्षीची एक सोय अशी की ती दोनच रंगांत उभी राहते, रेघ आणि मोकळी जागा. छटा लागत नाहीत. म्हणून ती निळ्याला मानवते. पण त्यासाठी उत्तरेला जायची गरज नाही. आपल्या मंदिरांवर नागबंध असतात, दोन नाग एकमेकांत विणलेले. भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याच्या मंदिरात जाऊन कोरलेल्या खांबांसमोर वही घेऊन बसा, महिनाभर पुरेल एवढं सापडेल.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी रीत सांगतो. पातं बारीक पॉलिश पेपरनं आरशासारखं करा. मग साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, बोटाच्या तेलाचा डाग निळ्यात कायमचा उमटतो. लोखंडी तव्यात वाळू नाहीतर पितळेचा बारीक कीस घ्या, तो मंद आचेवर तापवा आणि पातं त्यावर आडवं ठेवा, पाठ किसात आणि धार बाहेर. घड्याळजी स्क्रू निळे करताना पितळेच्या किसातच ठेवायचे, कारण उष्णता सगळीकडे सारखी लागते. धारेवर ओलं फडकं धरलं की ती थंड राहते. रंग पिवळा, मग तपकिरी असा सरकताना दिसेल. जांभळा दिसला की सावध व्हा, तिथून निळ्याला फार वेळ लागत नाही. हवा तो निळा आला की पातं लगेच उचलून थंड लोखंडावर ठेवा. सोरा वितळवून त्यात बुडवण्याचीही एक पद्धत आहे, रंग एकसारखा येतो, पण वितळलेल्या सोऱ्यात पाण्याचा थेंब पडला तर तो अंगावर उडतो. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

मग नक्षी. निळ्यावर जे ठेवायचं ते नेलपॉलिशनं किंवा पातळ केलेल्या मेणानं बारीक कुंचल्यानं रंगवा. वाळू द्या. आता उघड्या भागावर व्हिनेगर फिरवा. आंबटपणा त्या पापुद्र्याला खातो आणि थोड्या वेळात निळा जाऊन खालचं पांढरं पोलाद उघडं पडतं. लगेच पाण्यानं धुवा, पुसा, नेलपॉलिश स्पिरिटनं नव्हे, त्याच्या रिमूव्हरनं काढा. पांढऱ्या पात्यावर निळा नाग उभा राहतो.

आणि शेवटची सूचना, खास आपल्या जिल्ह्यासाठी. व्हिनेगर जे करतं तेच लिंबू, चिंच आणि मोसंबी करतात. निळ्या नक्षीच्या सुरीनं मोसंबी कापायला घेतली, तर आठवडाभरात नाग पुसट होईल. हा पापुद्रा गंजापासूनही फारसं राखत नाही, पावसाळ्यात पात्यावर तेलाचा हात फिरवायलाच हवा. फळं कापायला साधी सुरी वेगळी ठेवा. नक्षीची सुरी सुपारी, दोरा, कागद यासाठी वापरा, आणि लाकडी म्यानात ठेवा.