विकलेल्या गाडीत राहिलेली चावी



बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतलं गाळ्याचं शटर असो की पालघरमधल्या बंगल्याचं सरकतं गेट, मोटर बसवली की चावीचं काम रिमोट करतो. हा रिमोट म्हणजे एक छोटा रेडिओ प्रक्षेपक. आपल्याकडे तो बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास संकेत पाठवतो. काही महागड्या गाड्यांमध्ये तो आरशापाशीच बसवलेला असतो. मूळ रिमोट जवळ धरून त्याचं आणि गाडीतलं बटण दाबून ठेवलं, की गाडी संकेत शिकते.

पण दिवा लुकलुकतो, गाडी शिकली असं वाटतं, आणि गेट मात्र ढिम्म हलत नाही. असं का होतं, ते सांगतो.

जुन्या रिमोटचा कोड कायम एकच असे. आत बारा खटके असतील तर सगळे मिळून कोड होतात ४०९६. सॅमी कामकर या अमेरिकी संशोधकाने २०१५ मध्ये एका खेळण्यात फेरफार करून असली दारं दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली. अशा धोक्यावर उपाय म्हणून बदलता कोड त्याआधीच आलेला होता. त्यात प्रत्येक दाबाला नवा संकेत जातो आणि मोटरचा रिसीव्हर फक्त ओळखीच्या रिमोटचाच हिशेब ठेवतो. गाडी त्याला अनोळखी असते. तेव्हा मोटरवरचं ‘लर्न’ बटण दाबायचं आणि साधारण अर्ध्या मिनिटात गाडीतलं बटण दोन-तीनदा दाबायचं. शटरखाली त्या वेळी कुणी नको, मुलं तर नकोतच.

मला कळकळीने सांगायचंय ते पुढचं. बोईसरला नोकरीधंद्यासाठी माणसं येतात, जातात. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरूकडून चाव्या मोजून घेतो आपण. त्याच्या गाडीने शिकलेला कोड कोण परत घेतं? गाडी विकतानाही तेच. कागदपत्रं नव्या मालकाच्या नावावर होतात, पण घराचं दार उघडणारं बटण गाडीतच राहतं. गाडीची स्मृती पुसाच. अशा बहुतेक गाड्यांत आरशापाशी असलेल्या बटणांपैकी कडेची दोन दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून ठेवायची असतात. भाडेकरूची गाडी तर निघून गेलेली असते, त्यामुळे रिसीव्हरचीही स्मृती पुसा आणि घरातले रिमोट पुन्हा शिकवा. पाच मिनिटांचं काम आहे.

मोटर बसवणाऱ्याला कोड बदलता आहे का, हे आधीच विचारा. आणि वीज गेल्यावर हाताने गेट सोडवायची चावी त्याच बंद गॅरेजमध्ये ठेवू नका.