फुकटचं ऊन आणि माझे पांढरे पडलेले कोरल

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीबद्दल आहे. हेडफोन लावा, चहा घ्या, सुरू करूया.

मी सिंगापूरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. घरात 100 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात थोडे मासे आणि दुकानातून कायदेशीर घेतलेले कोरल, म्हणजे प्रवाळ. कोरल दिसतं झाडासारखं किंवा दगडासारखं, पण तो प्राणी आहे बरं का. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. म्हणजे कोरल पाळायचं तर आधी आतलं शैवाल जगवायचं, आणि शैवालाला उजेड लागतो.

हा उजेड बहुतेक लोक निळसर एलईडीने देतात. चांगले दिवे महाग असतात, वीजही खातात. मी विचार केला, विषुववृत्ताच्या शेजारी राहतोय, वर्षभर रोज बारा तास दिवस असतो, मग दिवे कशाला? आणि हे काही माझं डोकं नाही. 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली होती. समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतलं ऊन, बस्स. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला 1987 साली सुरू झालेल्या मत्स्यालयात तर 25 लाख लिटरची कोरलची टाकी उघड्या आभाळाखाली बांधली. मग माझ्या बाल्कनीत काय प्रॉब्लेम?

टाकी पश्चिमेच्या बाल्कनीत हलवली. पहिले काही दिवस ढगाळ होते, सगळं मस्त. एक गंमतही कळली. एलईडीखाली हिरवे-जांभळे चमकणारे कोरल उन्हात साधे तपकिरी दिसतात. चमक निळ्या प्रकाशाची होती, तपकिरी रंग त्या शैवालाचा. मला तो जास्त खरा वाटला.

मग मार्चमधली कोरडी हवा आली. शनिवारी मित्रांबरोबर बाहेर होतो. टाकीत सेन्सर आहे, स्क्रिप्ट मीच लिहिलेली. पण अलर्ट लावला होता 33 अंशांवर. का? एक आकडा टाकायचा म्हणून टाकला. रात्री घरी येऊन लॉग बघितला. दुपारी एकला 27.8, साडेचारला 32.4. अलर्ट वाजलाच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा मी झोपलो होतो. पाच-सहा दिवसांत अक्रोपोराच्या दोन फांद्या पांढऱ्याफटक पडल्या.

याला ब्लीचिंग म्हणतात. पाणी तापलं आणि त्यात कडक ऊन असलं की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि कोरल शैवालालाच बाहेर काढतं. पांढरं झालेलं कोरल लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. परिस्थिती लवकर सुधारली तर शैवाल परत येतं. माझी एक फांदी परत आली. दुसरी गेली.

त्या रविवारी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आपण पाण्याचा माठसुद्धा सावलीत ठेवतो. तू मासे उन्हात ठेवलेस?" बीटेक करून हे आईकडून ऐकायचं!

मग बसून हिशोब केला. माझ्या टाकीची पुढची काच साधारण 60 बाय 40 सेंटीमीटर. तिच्यावर चारच्या तिरक्या उन्हात दीड-दोनशे वॅट पडतात. म्हणजे मी पाण्यात हीटरच लावला होता, तोही दिवसाच्या सगळ्यात गरम वेळी. तीन तासांत 100 लिटर पाणी चारेक अंश तापतं. लॉगमध्ये तेच दिसत होतं. उजेड फुकट होता, पण सोबत आलेल्या उष्णतेचा मी विचारच केला नव्हता. 25 लाख लिटर पाणी सावकाश तापतं, 100 लिटर नाही.

आता काय केलंय ते सांगतो. एक, टाकी पूर्वेच्या खिडकीत. सकाळचं ऊन पुरतं, दुपारची आग नको. दोन, काचेवर नर्सरीत लावतात तशी शेडनेट. भरदुपारच्या उन्हात प्रकाशाचा आकडा 2000 पर्यंत जातो. हा आकडा म्हणजे शैवालाला वापरता येणारा प्रकाश. माझ्याकडच्या कोरलना 100 ते 300 पुरतो. जाळी हळूहळू विरळ करायची, कोरलला सवय होऊ द्यायची.

तीन, आईचा माठ. माठ थंड का होतो? पाणी झिरपतं, उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. मी पाण्यावर एक छोटा पंखा सोडला. 100 लिटरमधून एक लिटर उडालं, तर कागदावर टाकी साडेपाच अंश थंड व्हायला हवी. इथल्या दमट हवेत तेवढं होत नाही, पण पाणी 27-28 च्या वर जात नाही. फक्त लक्षात ठेवा, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं घातलंत तर खारटपणा वाढत जातो.

आणि चार, अलर्ट आता 28.5 ला वाजतो. ढगाळ आठवड्यात एलईडी लावतो. लाज कसली?

आता भारतातल्या ऐकणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. हे ऐकून घरी कोरल आणू नका. आपल्याकडे दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते काढणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. सूर्यप्रकाशातली कोरलची टाकी बघायचीच असेल तर आपल्याकडे मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला स्नॉर्कलिंग करताना प्रवाळ दिसतात. त्यांच्यावर उभे राहू नका, आठवण म्हणून तुकडा आणू नका.

माझ्या टाकीत दोन दुपारी पाणी पाचेक अंश चढलं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त, पण काही आठवडे टिकला, की तेच होतं. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये झालं. मी टाकी उचलून दुसऱ्या खिडकीत ठेवली, पंखा लावला. लक्षद्वीपला दुसरी खिडकी नाही.

ती मेलेली फांदी मी काढलेली नाही. तिच्यावर आता गुलाबी शैवालाचा थर चढतोय. परत आलेल्या फांदीची टोकं मात्र पुन्हा वाढायला लागलीत, तीन मिलिमीटर मोजली.

तुमच्याकडेही अशी "फुकट" म्हणून केलेली आणि महागात पडलेली एखादी गोष्ट असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, माठ सावलीतच ठेवा!