जुन्या निगेटिव्हांचे जतन : एक ज्ञातिकार्य



बारसे, विवाह, वास्तुशांत अशा प्रसंगांच्या निगेटिव्ह व स्लाइड्स आपणांपैकी अनेकांच्या ट्रंकांत पडून आहेत. त्या डिजिटल कॅमेऱ्याने उतरवून ठेवाव्यात, ही आमची आज नम्र सूचना आहे.

याची निकड आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याने फार पूर्वीच दाखवून दिली. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या; १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या विद्यार्थ्यांसह केलेल्या अनेक प्रतीही १८८५ साली लंडनच्याच आगीत गेल्या. एकाच जागी ठेवलेले धन सुरक्षित नसते, हाच याचा बोध.

आपल्या घरी तर आगीचीही आवश्यकता नाही. जुन्या फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया उष्णतेने व दमटपणाने कुजू लागतो, शिरक्यासारखा वास येतो आणि फिल्म आक्रसते. ही क्रिया मंद करता येते. परतविता येत नाही.

कृती अवघड नाही. फिल्म हवेच्या फुंकणीने स्वच्छ करावी व कडांनाच धरावी. खालून एलईडीचा शुभ्र, समान प्रकाश द्यावा; मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक असावे. वर स्टँडवर मॅक्रो लेन्सचा कॅमेरा फिल्मशी समांतर ठेवावा. फिल्मच्या जागी आरसा ठेवून लेन्सचे प्रतिबिंब चित्राच्या मधोमध दिसले, म्हणजे समांतरता साधली. खोलीतील दिवे मालवून, आयएसओ १०० व छिद्र एफ ८ ठेवून, टायमरने रॉ स्वरूपात छायाचित्र घ्यावे. नंतर संगणकावर निगेटिव्ह उलटवून रंगीत फिल्मची नारिंगी छटा काढावी. दुकानाच्या पाटीवरील अक्षरे सरळ वाचता आली, तर बाजूही बरोबर आहे.

परंतु यंत्र चेहरा देईल, नाव देणार नाही. ‘मागे उभी असलेली ती कोण?’ याचे उत्तर आज घरातील आजीच देऊ शकते. म्हणून चित्र उतरविताच तिच्याजवळ बसून नाव, नाते, गाव व साल लिहून घ्यावे. फिल्म दहा वर्षे कदाचित थांबेल. स्मृती थांबेलच असे नाही.

तीन प्रती कराव्यात, त्यांतील एक परगावच्या आप्ताकडे ठेवावी आणि मूळ फिल्म मुळीच टाकू नये. ती थंड, कोरड्या जागी जपावी.

ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्या तरुणांनी शेजारच्या एका वृद्ध कुटुंबाची ट्रंक उघडावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.