ज्याचं त्याला जमतं



मागच्या वर्षी माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, बोलणंही तुटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. परदेशात आजाऱ्यांना भेटायला कुत्री नेतात, असं मी वाचलं होतं. म्हणून मळ्यावरचा आमचा वाघ्या त्यांच्या खाटेजवळ आणला. तेवढ्यात काठी धाडकन पडली. वाघ्या उसळून भुंकला. सासूबाई अशा घाबरल्या, की दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

मी वाघ्यावर चिडले. पण चूक माझीच होती. आवाज आला की भुंकायचं, हेच तर आपण राखणीच्या कुत्र्याला शिकवतो!

मग मी याविषयी आणखी वाचलं. अमेरिकेत १९७६ साली इलेन स्मिथ या नर्सबाईंनी अशा कुत्र्यांची संस्था काढली. ब्रिटनमध्ये १९८३ पासून असं काम चालतं. माणसं आपलंच पाळलेलं कुत्रं घेऊन दवाखान्यात, वृद्धाश्रमात जातात, तेही विनामोबदला. मुंबई-पुण्यातही हे काम होतं.

पण आधी कुत्र्याचा स्वभाव पारखतात. जात महत्त्वाची नाही. परक्या माणसाने वेडावाकडा हात फिरवला तर ते चिडतं का? भांडं पडलं, चाकाची खुर्ची जवळून गेली, तर काय करतं? दचकलं तरी चालतं, पण लगेच शांत व्हायला हवं. अंगावर उडी मारणारं नको, तसं घाबरून कोपऱ्यात बसणारंही नको. आणि मुख्य म्हणजे त्याला माणसांची मनापासून आवड हवी. नुसतं सोसणं वेगळं, आवडणं वेगळं. कुत्रं तोंड फिरवतं, सारखे ओठ चाटतं, जांभया देतं, शेपूट पायात घालतं, तेव्हा ते 'आता पुरे' म्हणत असतं. तिथेच थांबायचं.

आमच्या शेजारी चंपी नावाची गावठी कुत्री आहे. वयस्कर, शांत. कुणीही ओट्यावर बसलं की ही पायाशी जाऊन बसते. तिला रेबीजची लस टोचलेली होती. जंताचं औषध दिलं, आंघोळ घातली, नखं कापून घेतली. शेजारीण तिला घेऊन आली. आम्ही ओढलं नाही, ढकललं नाही. चंपी आपणहून खाटेशी गेली आणि कडेला मान टेकली. सासूबाईंनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि तिच्या मानेवर ठेवला. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

हात बरा झाला, असं मी म्हणणार नाही. औषध आणि व्यायाम चालूच आहेत. पण आता चंपी यायच्या वेळी त्या दाराकडे तोंड करून बसतात.

मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. लस नसलेलं कुत्रं आजाऱ्याजवळ किंवा लेकरांजवळ नेऊ नका. कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. लगेच आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या.

आपल्या गटात हिशेब लिहिणारी वेगळी असते, वसुलीला जाणारी वेगळी. दोघींचीही गरज असते. वाघ्या मळा राखतो, चंपी माणूस राखते.