एक्स-मेन : घडून गेलेले न पुसणारी मालिका

‘एक्स-मेन’चा पहिला अंक न्यूयॉर्कच्या मार्व्हल कॉमिक्सने १९६३ साली काढला. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे जॅक कर्बी यांची. प्रत्येक नायकाला अचाट शक्ती कशी मिळाली याचे कारण दरवेळी नव्याने शोधण्याचा ली यांना कंटाळा आला होता. ‘एक्स-मेन’मधल्या मुलांना ती जन्मतःच आहे, असे त्यांनी ठरवून टाकले. काढली पळवाट, पण मालिकेचा सगळा आशय तिच्यातूनच निघाला. जन्माने वेगळ्या असलेल्या या मुलांना समाज धुडकावतो, आणि त्याच समाजासाठी ती जिवावर उदार होतात.

खप मात्र बेताचाच. १९७० मध्ये ६६व्या अंकानंतर नव्या कथा थांबल्या आणि पुढे काही वर्षे जुन्याच पुन्हा छापल्या गेल्या. १९७५ साली लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉकरम यांनी नवा चमू उभा केला : केनियात देवी मानली जाणारी स्टॉर्म, सोव्हिएत सामुदायिक शेतावरचा कोलोसस, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन. लगेचच लेखणी ख्रिस क्लेअरमाँट यांच्याकडे आली आणि सुमारे सोळा वर्षे त्यांच्याकडेच राहिली. दर महिन्याच्या त्या रगाड्यात हे फार विरळा. एवढा काळ एकच माणूस लिहीत असल्यामुळे पात्रांनी केलेले काही विसरले जात नसे, आणि त्याचा हिशेब त्यांना द्यावा लागे.

१९८० सालचे पाहा. फिनिक्स नावाच्या शक्तीने झपाटलेली, चमूतलीच जीन ग्रे एक तारा गिळते आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे अब्जावधी जीव मरतात. क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांच्या मूळ शेवटात तिची शक्ती काढून घेतली जाते आणि ती जिवंत राहते. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले : एवढ्या संहारानंतर ती अशी सुटेलच कशी? तयार झालेला शेवट बदलावा लागला. १३७व्या अंकात जीन चंद्रावर स्वतःहून मरण पत्करते. मूळ शेवटही १९८४ मध्ये छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून जरूर वाचा. संपादकाच्या हट्टाने कथेचे भलेच झाले, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्याच वर्षीचा १५०वा अंक मला त्याहून थोर वाटतो. खलनायक मॅग्नेटोने एक रशियन पाणबुडी बुडवलेली आहे. त्याची यंत्रे मोडायला आलेल्या, चमूतल्या किटी प्राइडवर तो विजेचा प्रहार करतो, मग जवळ जातो. ही तर कोवळी पोर! तिला कवेत घेऊन तो गुडघे टेकतो. ऑशविट्झच्या छळछावणीत त्याचे बालपण गेले, हे वाचकाला कळते ते इथेच. त्याचा हात थांबतो. त्याआधी १८ वर्षे हाच मॅग्नेटो नुसता गर्जना करणारा खलपुरुष होता.

पुढे धंद्याने घाई केली. १९८६ मध्ये जीनला परत आणले. मेली ती जीन नव्हतीच, असा खुलासा केला गेला. एवढे मोठे मरण त्यांनी फुकट घालवले, याचे मला आजही वाईट वाटते. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’ याच नावाचे नवे मासिक निघाले. जिम ली यांची चित्रे, एकाच अंकाला पाच निरनिराळी मुखपृष्ठे. संग्राहकांनी पाचही घ्यावीत अशी योजना. ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या. तो विक्रमी अंक लिहिला होता क्लेअरमाँट यांनीच. पण कथेची दिशा कोणी ठरवायची यावरून संपादकांशी त्यांचे बिनसले होते. तिसरा अंक लिहून त्यांनी मालिका सोडली.