एक ‘कडा’, किती अर्थ?

आज फक्त एक शब्द घेऊन बसलोय. दोन अक्षरांचा. कडा.

आष्टी तालुक्यातल्या माणसाला ‘कडा’ म्हटलं की आधी गाव दिसणार. बाजार समिती, कांद्याच्या गोण्या आणि आता रेल्वे. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी गाडी सुरू झाली आणि आपलं कडा रेल्वेच्या नकाशावर आलं. पण हाच शब्द एखाद्या ट्रेकरला विचारा. तो म्हणेल, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा! म्हणजे डोंगराची सरळ तुटलेली बाजू. ‘कडेलोट’ त्यातलाच. आणि आजी नातवाला ‘कडेवर’ घेते, तेव्हा भीती कसलीच नसते.

आता जरा गावाबाहेर पडू. हिंदीत कडा म्हणजे हातातलं कडं, आणि कडा म्हणजे कडक, कठीणसुद्धा. पंजाबात शीख माणसाच्या हातातला कडा हा पाच ककारांपैकी एक. उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी कडा नावाचं जुनं गावही आहे. तिथला सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी १२९६ साली फौज घेऊन थेट आपल्या देवगिरीवर आला होता. म्हणजे मराठवाड्याच्या इतिहासात दुसऱ्याच एका कड्याचा हात आहे, बरं का!

दक्षिणेला चला. केरळात ‘कड’ म्हणजे दुकान. चहाचं दुकान ते ‘चायक्कड’. तमिळमध्ये त्याचंच ‘कडै’ होतं. तेलुगूत ‘कदा’ म्हणजे आपला ‘ना’. ‘वस्तावु कदा?’ म्हणजे ‘येशील ना?’ आणि कन्नडमध्ये ‘कड’ म्हणजे उसने घेतलेले पैसे, कर्ज. उचल घेऊन कोयता उचलणाऱ्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हा ड कुठला आणि द कुठला? बरोबर पकडलंत. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की कडा, कड आणि कदा सगळे एकाच रांगेत उभे राहतात. देवनागरीत लिहा, लगेच वेगळे होतात. म्हणून शब्द जुळवायच्या आधी तो कानांनी ऐकायचा. स्पेलिंगवर जायचं नाही.

आता मुद्द्याचं. असे शब्द जुळले की एक मेसेज फिरतो, ‘बघा, आमचा शब्द तिकडे सापडला, म्हणजे त्यांची भाषा आमच्यापासूनच निघाली!’ थांबा. माणसाच्या तोंडातून निघणारे आवाज मोजकेच, भाषा मात्र हजारो. दोन अक्षरांचे शब्द कुठे ना कुठे एकमेकांना धडकणारच. क्रोएशियन भाषेत ‘कदा’ म्हणजे आंघोळीचा टब. त्याचा आपल्या गावाशी काय संबंध? काहीच नाही.

मग नातं खरं की योगायोग, हे ओळखायचं कसं? एका शब्दावर जायचं नाही, त्याची भावंडं बघायची. संस्कृतात ‘कदा’ म्हणजे केव्हा आणि ‘तदा’ म्हणजे तेव्हा. लिथुआनिया हा युरोपातला छोटा देश. तिथेही ‘कदा’ म्हणजे केव्हा आणि ‘तदा’ म्हणजे तेव्हाच! टबवाल्या क्रोएशियनमध्येही ‘केव्हा’साठी ‘कदा’ आहे, आणि ‘तेव्हा’साठी ‘तदा’. जोडीच्या जोडी जुळली, अर्थासकट जुळली. हा योगायोग नाही. या भाषा एकाच जुन्या कुटुंबातल्या आहेत. कुणी कुणाची आई नाही, सगळ्या लांबच्या बहिणी.

आणि एक तिसरा प्रकार असतो, शेजाराचा. कन्नडमध्ये ‘कडे’ म्हणजे बाजू. ‘ई कडे’ म्हणजे या बाजूला, ‘आ कडे’ म्हणजे त्या बाजूला. आपण काय म्हणतो? इकडे, तिकडे. मराठी आणि कन्नड एका कुटुंबातल्या नाहीत, पण शेकडो वर्षं बांधाला बांध लावून राहिल्यात. बांध लागून असला की विळा-खुरपं इकडून तिकडे जातं, तसंच शब्दांचंही.

हे सगळं का सांगतोय? दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीची कुटुंबं निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही थेट कर्नाटकात. सोबत पोरंही जातात, शाळा मागं राहते. ती पोरं फडात राहून कन्नड उचलतात. ‘ई कडे बा’ म्हटलं की इकडे ये, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. परत आली की आपण काय म्हणतो? ‘मागं पडलं पोरगं, काही येत नाही त्याला.’ शाळा बुडते हे खरंच, आणि ते नुकसान मोठं आहे. ती बुडायला नकोच. पण ‘काही येत नाही’ हे खोटं आहे. पुण्यात फी भरून लोक दुसरी भाषा शिकतात. या पोराला ती फुकट आली, म्हणून तिची किंमत शून्य धरायची का? वर्गात त्याला एकदा उभं करून विचारा, ‘इकडे-तिकडे’ला कन्नडमध्ये काय म्हणतात? सगळा वर्ग ऐकेल. आणि त्या दिवशी शिकवणारा तो असेल.

तर मंडळी, तुमच्या गावाच्या नावाचा दुसऱ्या भाषेत काय अर्थ होतो, शोधून बघा. ड्रायव्हर काकांना विचारा, फौजेतल्या दादाला विचारा, फडावरून आलेल्या मावशीला विचारा. सापडलं की व्हॉइस नोट पाठवा. टाइप करू नका, बोला. ड आणि द नीट ऐकू आले पाहिजेत!

भेटू पुढच्या भागात. राम राम!