दसरा झाला, की तळ्याकडं बघा
(पालीतल्या गटांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



उचल घेतलेल्या घरांत आता बांधाबांध चालू आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यावर निघतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या बिंदुसरेच्या तळ्यावर लांबचे पाहुणे उतरतात. आपण पोटासाठी गाव सोडतो, ते पोटासाठीच इकडं येतात. तिकडं उत्तरेत बर्फ पडला, की त्यांना खायला उरत नाही.

तुम्ही म्हणाल, पाखरं बघायला वेळ कुणाला? अर्धाच दिवस द्या. सकाळी ऊन चढायच्या आधी, जिथं पाणी उथळ आहे तिथं, चिखलापासून लांब गुपचूप बसा. शेपूट वरखाली करत तुरूतुरू पळणारा राखाडी-पांढरा धोबी दिसेल. नारिंगी अंगाची चक्रवाकाची जोडी दिसली तर नशीबच, ती लडाख-तिबेटाकडची. पण खरा बघायचा तो टिलवा. चिमणीएवढा जीव, वजन २०-३० ग्रॅम, सारखी चिखलात चोच मारतो. सैबेरियाच्या पार उत्तरेला अंडी घालून हा इथवर उडत येतो! कोकणात तो ओहोटीच्या चिखलात चरतो. आपल्याकडं समुद्र नाही, पण तळ्याचं पाणी हटेल तसा चिखल उघडा पडतो, तो त्याला पुरतो.

कोकणावरून आठवलं. वेंगुर्ल्याच्या ‘स्वामिनी’ बचत गटानं २०१७ मध्ये मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. बाया स्वतः होडी वल्हवतात, झाडं-पक्षी दाखवतात, त्याचे पैसे गटाला मिळतात. म्हणून उद्या आपला कोयता सुटेल, असं मी म्हणणार नाही. तिकडं पर्यटक आधीपासून येतात. आपल्याकडं महामार्गावरच्या गाड्या नुसत्या पुढं जातात. पण त्या बायांनाही आधी नावं शिकावी लागली. तेवढं तर आपल्याला जमेल.

गावात राहणाऱ्या आज्या नि शाळेतल्या पोरींनी एका वहीत तारीख, पाखरू आणि किती, एवढं लिहावं. नाव येत नसलं तर रंग लिहा. कुणी जाळं लावून पाखरं धरत असेल तर वनरक्षकाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. मात्र एकटीनं भांडायला जाऊ नका, गटानं जा.

कारखान्यावर निघालेल्यांनो, धोबी उसाच्या पाटावरही दिसतो. दिसला की फोन करा, तुमच्या नावानं लिहू. वही कुणाकडं ठेवायची, ते आज ठरवूनच उठू.